घरी नसलेल्या माणसांची घरं

‘गेल्या जन्मी पुण्य जोडलं नाही, म्हणून हुइझोऊत जन्मलो, तेरा-चौदाव्या वर्षी घराबाहेर भिरकावले गेलो.’ चीनच्या आन्हुई प्रांताच्या दक्षिण भागात, डोंगरांच्या बेचक्यात वसलेल्या हुइझोऊ भागातली ही म्हण. तिथे डोंगर फार, शेतजमीन थोडी आणि खाणारी तोंडं भरपूर. मिसरूड फुटायच्या आत मुलगा कुणातरी काकामामाच्या दुकानी उमेदवारीला जायचा. मीठ, चहा, इमारती लाकूड आणि गहाणवट हे हुइझोऊवाल्यांचे मोठे धंदे. यांगझोऊ शहरात मिठाचे सरकारी मक्ते घेऊन त्यांच्यातल्या काहींनी अफाट पैसा केला. तो पैसा गावी आला, त्यातून घरं उभी राहिली, आणि त्या घरांमधलं लाकूड, वीट, दगड असं काही कोरलं गेलं की आजही जगभरातून माणसं ते बघायला जातात. घर बांधणारा मालक मात्र त्या घरात फार थोडा राहिला. दोन-तीन वर्षांतून एकदा येणार, काही आठवडे थांबणार, पुन्हा निघणार.

चिनी व्यापाऱ्यांच्या घरांतलं कोरीवकाम बघताना ही एक गोष्ट माझ्या मनातून हलत नाही. कलेच्या पुस्तकांत प्रादेशिक शैलींची मांडणी सरळ असते: उत्तरेचं काम भरदार, दक्षिणेचं नाजूक, इथे वीट, तिथे लाकूड, समुद्राकाठी सोनं. हे खरंच आहे. पण ही नक्षी मालकाच्या डोळ्यांसाठी नव्हती, तो तर शेकडो मैलांवर पेढीवर बसलेला. ती रोज बघणार होती त्याची आई, त्याची बायको, वाढती मुलं आणि उंबऱ्याशी येणारा पाहुणा. घरी नसलेला माणूस घरच्यांशी जे बोलू इच्छित होता, ते त्याने सुताराकडून आणि पाथरवटाकडून लिहवून घेतलं, असं मला वाटतं. प्रत्येक मुलुखाचं हे बोलणं वेगळं आहे. कुठे मायेचं, कुठे धाकाचं, कुठे नुसत्या वैभवाचं.

हुइझोऊच्या गावात शिरलं की आधी दिसतात उंच, पांढऱ्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या भिंती. वर काळी कौलं आणि पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी भिंतीची टोकं. या टोकांना तिथे घोड्याच्या डोक्याची भिंत म्हणतात. एका घराची आग दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून त्या छपरापेक्षा उंच बांधलेल्या. खाली अरुंद बोळ. चोराला खिडकीतून चढता येऊ नये, घरातल्या बायका रस्त्यावरून दिसू नयेत, हे दोन्ही हेतू त्या कोऱ्या भिंतीत आहेत. आणि त्या एवढ्या कोऱ्या पांढऱ्यावर एकाच ठिकाणी, दरवाजाच्या डोक्यावर, राखाडी विटांचं कोरीव छत्र. बाहेरच्या जगाला दाखवायचं ते तेवढंच.

हा संयम नुसत्या आवडीतून आलेला नाही. मिंग राजवटीने (1368 ते 1644) 1393 मध्ये नियम घातला होता: सामान्य प्रजेच्या घराला तीन खणांपेक्षा जास्त रुंदी नको, पाच आड्यांपेक्षा जास्त खोली नको, छपराखाली राजवाड्यासारखे हस्तांचे, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी आधारांचे, जुडगे नकोत आणि लाकडावर रंगकाम नको. व्यापाऱ्याकडे पैसा कितीही असो, समाजाच्या उतरंडीत तो विद्वान, शेतकरी आणि कारागीर यांच्याखाली चौथा. रुंदी वाढवता येत नाही, रंग लावता येत नाही. पण लाकडात किती खोल शिरायचं यावर नियमात काही लिहिलेलं नव्हतं. मग पैसा आत शिरला. तुळईच्या पोटात, खिडकीच्या जाळीत, हस्ताच्या वळणात. हुइझोऊचं लाकूड रंगवलेलं नसतं, बहुधा नुसतं तुंग झाडाच्या बियांच्या तेलाने पोसलेलं असतं. काळाने ते मधासारखं गडद होतं आणि छिन्नीचा प्रत्येक घाव त्यात वाचता येतो. मिंगकाळातलं काम साधं आणि उथळ उठावाचं. पुढच्या छिंग राजवटीच्या काळात (1644 ते 1912) नियम ढिले पडले, पैसा वाढला, तशी नक्षी एकामागे एक थर घेत खोल होत गेली. व्यक्तिशः मला मिंगकाळातलं काम जास्त आवडतं. त्यात लाकडाला श्वास घ्यायला जागा असते.

होंगत्सुन हे गाव आणि शेजारचं शीदी, दोन्ही 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. होंगत्सुनमध्ये छंगझी थांग नावाचा वाडा आहे. वांग दिंगग्वेई या मिठाच्या व्यापाऱ्याने तो 1855 च्या सुमारास बांधला. लहानमोठे नऊ चौक, 136 लाकडी खांब. या चौकांना ते आकाशविहीर म्हणतात. नाव अगदी नेमकं आहे, कारण आपण खाली उभे असतो आणि उजेड वरून विहिरीत उतरावा तसा उतरतो. चारही बाजूंच्या छपरांचं पाणी याच चौकात पडतं. पाणी म्हणजे धन, ते बाहेर वाहून जाऊ नये, घरातच यावं, ही व्यापाऱ्याची श्रद्धा. मी गेले तेव्हा पाऊस होता. चारी बाजूंनी पागोळ्या गळत होत्या, आणि वरच्या तुळईवरचं कोरीवकाम त्या ओल्या उजेडात इतकं स्पष्ट दिसत होतं की ही घरं पावसाळ्यातच बघावीत असं मी प्रत्येकाला सांगत असते.

दिवाणखान्याच्या पुढच्या आडव्या तुळईवर शंभर मुलं कोरली आहेत. कंदिलांच्या सणाची रात्र आहे. कुणी ढोल वाजवतंय, कुणी झांजा, कुणी कागदी ड्रॅगन नाचवतंय. मुलांचे गाल, करगोटे, एकाच्या पाठीवरून डोकावणारा दुसरा. सुताराने कुठेही साचा वापरलेला नाही. वंश वाढो हा आशीर्वाद त्यात आहेच. पण ज्या घरात नवरा तीन वर्षांनी येतो, त्या घरात डोक्यावर सतत शंभर पोरांचा गोंगाट असणं ही काय चीज असेल, याचा विचार केला की पोटात तुटतं. तिथेच दुसऱ्या एका तुळईवर जुन्या थांग राजवटीचा सम्राट सुझोंग याने अधिकाऱ्यांना दिलेली मेजवानी आहे. अधिकारी वाद्य वाजवताहेत, बुद्धिबळासारखा खेळ खेळताहेत, चित्रं बघताहेत. कडेला एक पोऱ्या चहाचं पाणी तापवतोय आणि एक न्हावी कुणा साहेबाचा कान साफ करतोय. मला सगळ्यात प्रिय आहे तो हा न्हावी. सम्राटाच्या पंगतीचं चित्र काढायला सांगितल्यावर ज्या सुताराला कान कोरणारा माणूस आठवला, त्याच्याशी चार शब्द बोलायला मिळायला हवे होते.

ही मेजवानी घरात का? कारण मालकाला मुलगा अधिकारी व्हायला हवा होता. आपण पैसा केला, पण मान पोराला मिळावा. शाही परीक्षा, पुस्तकं, विद्वानांची मंडळी हे विषय हुइझोऊच्या घरात सारखे भेटतात. बाप दुकानात आणि तुळई मुलाला सांगतेय, अभ्यास कर. त्याच वाड्यात माजोंग खेळायची खोली आहे आणि अफू ओढायचीही. म्हणजे तुळईचा उपदेश कुठवर पोचला असेल ते दिसतंच. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. मिठाच्या धंद्यात अधिकाऱ्यांना खूश ठेवणं हा कामाचाच भाग होता, आणि 1855 हे साल या लोकांसाठी चांगलं नव्हतं. मिठाचे जुने मक्ते सरकारने 1832 पासून मोडायला घेतले होते. छिंग राजवटीविरुद्धच्या ताइपिंग बंडाची लढाई याच मुलुखात पेटली होती. हुइझोऊचं सगळ्यात श्रीमंत म्हणून दाखवलं जाणारं लाकूडकाम त्यांचा सूर्य मावळत असताना कोरलं गेलं.

आमच्या आजोळी, संगमेश्वराकडे, निम्मी घरं अशीच होती. पुरुष मुंबईच्या गिरणीत, बायका-मुलं गावी, मधे पोस्टमन आणि मनीऑर्डर. आजोबांनी एका वर्षी जरा जास्त पैसे पाठवले आणि घराला सागवानी दार बसलं, त्यावर दोन मोर. आजी त्या दाराला रोज फडकं मारायची. बघणाऱ्याला ते दार होतं, आजीला तो आजोबांचा आवाज होता. होंगत्सुनच्या त्या चौकात मला आजीचं फडकं आठवलं, आणि तेव्हापासून ही नक्षी मला निव्वळ नक्षी म्हणून बघता येत नाही.

बायकांशी या घरांनी जे बोलणं केलं, ते मात्र सगळं मायेचं नाही. हुइझोऊतल्या शे नावाच्या जिल्ह्यात थांगयुए गावाच्या वेशीवर सात दगडी कमानी ओळीने उभ्या आहेत, तीन मिंगकाळातल्या, चार छिंगकाळातल्या. बाओ नावाच्या घराण्याच्या. निष्ठा, मातृपितृभक्ती, दानधर्म यांच्या कमानींबरोबर त्यांत पातिव्रत्याच्याही आहेत, तरुणपणी नवरा गेल्यावर जन्मभर सासरीच राहिलेल्या बायकांच्या सन्मानासाठी. गावाला येणारीजाणारी प्रत्येक मुलगी त्यांच्याखालून जाणार. दगड फार सुंदर घडवलाय. त्या सौंदर्याखाली उभं राहून मला बरं वाटलं नाही, आणि ते लिहायला हवं.

हुइझोऊची तिसरी कला विटेची, आणि मला तीच सर्वांत थक्क करणारी वाटते, कारण वीट ही काय कोरायची वस्तू? गाळलेल्या, निवळलेल्या बारीक मातीची वीट भाजतात. भट्टी थंड होताना वरून पाणी सोडतात, आत हवा पोचत नाही, आणि लाल व्हायची ती वीट राखाडी होते. मग ती पाण्यात घासून गुळगुळीत करायची आणि कोरायला घ्यायची. आधी ढोबळ आकार काढायचा, मग बारीक काम. घाव जरा जास्त बसला की काम गेलं. तरी दरवाजावरच्या या विटांमध्ये बाल्कनीत उभी माणसं, पुलावरून जाणारे घोडे, उघडी दारं, दारातून दिसणारी आतली खोली असे थरावर थर आहेत. लाकडाला रेषा असते, तिच्या कलाने जाता येतं. विटेला तसा कल नाही, सगळा भरवसा हातावर. शीदीत पश्चिम बाग नावाच्या घरी दगडाच्या दोन जाळीदार खिडक्या आहेत, एकीत पाइनचं झाड आणि खडक, दुसरीत बांबू आणि प्लमची फुलं. आसपासच्या डोंगरातला काळसर दगड, आणि फांद्या आरपार मोकळ्या. तीन कोरीवकामं म्हणतात ती ही: लाकूड, वीट, दगड. चीनच्या अमूर्त वारशाच्या पहिल्या राष्ट्रीय यादीत, 2006 साली, ती एकाच नावाने नोंदली गेली.

बऱ्याच घरांत तुळयांवरच्या माणसांना चेहरे नाहीत. अंगरखा आहे, हातात पंखा आहे आणि मानेवर सपाट लाकूड. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत जुन्या गोष्टी फोडायच्या म्हणून छिन्नीने चेहरे तासले गेले. काही घरांनी आधीच कोरीव पट्ट्यांवर चिखल लिंपला, वर घोषणांचे कागद चिकटवले आणि नक्षी वाचवली. ज्या खुर्चीवर उभं राहून कुणी चिखल लिंपला असेल, त्या माणसाचं नाव कुठल्याही पाटीवर नाही.

हुइझोऊचं एक घर तर चक्क अमेरिकेत आहे. शिउनिंग जिल्ह्यातल्या ह्वांग घराण्याचं यिन यू थांग, 1800 च्या सुमाराचं. घराण्याची माणसं गहाणवटीचा धंदा करणारी, बाहेरगावी राहणारी. पिढ्यान्‌पिढ्या कुटुंब त्यात नांदलं, विसाव्या शतकाच्या अखेरीस घर ओस पडलं. मग सुटं करून, सुमारे 2,700 लाकडी भाग आणि शेकडो दगड समुद्रापार नेऊन, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या पीबडी एसेक्स संग्रहालयात ते पुन्हा उभं केलं, आणि 2003 मध्ये लोकांसाठी उघडलं. भाची बॉस्टनजवळ राहते, तिच्याबरोबर मी ते बघितलं. ते श्रीमंती घर नाही. खिडक्यांच्या जाळ्या सुबक आहेत, पण छंगझी थांगसारखा थाट कुठेही नाही. मधल्या चौकात माशांची दोन टाकी. आणि संग्रहालयाने एक फार शहाणपणाची गोष्ट केली आहे: घराला 1800 साली नेऊन ठेवलं नाही. भिंतीवरचे नंतरचे कागद, माओच्या राजवटीत गावांची सामूहिक कम्यून झाली त्या काळातला लाउडस्पीकर, सगळं राहू दिलंय. कोरीव जाळीच्या शेजारी तो लाउडस्पीकर बघितला की या घरात आधी एका गैरहजर मालकाचा आवाज होता आणि पुढे दुसऱ्याच एका दूरच्या सत्तेचा, हे कुणी न सांगता कळतं.

उत्तरेला शान्शी प्रांतात गेलं की सगळं बदलतं. पिवळी, भुसभुशीत वाऱ्याची माती, कमी पाऊस, झाडं विरळ, दगडी कोळसा मुबलक. म्हणून विटेचा मुलूख. इथले व्यापारी मिठापासून सुरू होऊन मंगोलियापर्यंत, रशियाच्या सीमेपर्यंत चहा नेणारे, आणि पुढे हुंडीवाले झाले. पिंगयाओ गावात 1823 च्या सुमारास रिशंगछांग ही पेढी सुरू झाली. मूळचं रंगाचं दुकान, त्यातून देशभर हुंड्या वटवणारी पहिली पेढी. या पेढ्यांचा नियम कडक होता. गुमास्त्याची बदली दूरच्या शहरी झाली की साधारण तीन वर्षं तिथेच, बायकोमुलांना नेता येणार नाही. कुटुंब गावी राहणं हाच पेढीचा तारण होता. हुइझोऊत माणूस गरजेने दूर असायचा, शान्शीत करारानेही.

त्यामुळे की काय, शान्शीचे वाडे किल्ल्यासारखे आहेत. छी जिल्ह्यातल्या छ्याओ घराण्याच्या वाड्याची बाहेरची भिंत दहा मीटरच्या वर. आत सहा मोठे चौक, वीस लहान, 313 खोल्या. काम 1756 च्या सुमारास सुरू झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं. मूळ पुरुष छ्याओ ग्वेइफा गरिबीतून उठून उत्तरेला, इनर मंगोलियातल्या बाओतोऊला गेला. पुढे त्या घराण्याच्या दुकानाबद्दल म्हण पडली की आधी ते दुकान झालं आणि मग बाओतोऊ शहर. खोल्यांची छपरं एकाच बाजूला, आत उतरणारी. इथेही पाणी घरातच. मुख्य दरवाजातून शिरताना समोर एक विटेची भिंत येते, तिच्यावर ‘दीर्घायुष्य’ हे एकच अक्षर शंभर वेगवेगळ्या वळणांनी कोरलंय. दोन्ही बाजूंना सेनापती झुओ झोंगथांगच्या हातची जोडओळ, वासना कमी करा, नीती साठवा, अशा अर्थाची. सावकाराच्या घरात शिरताच पहिलं वाक्य हे. हुइझोऊत गोष्ट सांगतात, इथे आधी उपदेश.

शान्शीचं कोरीवकाम जाड, ठसठशीत, लांबून वाचता येईल असं. धुळीच्या वाऱ्यात बारीक नक्षी टिकणार नाही आणि दिसणारही नाही. लिंगशी जिल्ह्यातला वांग घराण्याचा वाडा तर अख्खं टेकाड व्यापून आहे. लोकांना दाखवतात त्या भागातच 123 चौक आणि 1,118 खोल्या. मूळ पुरुष टोफू विकायचा. या वाड्यात मी अर्धा दिवस नुसती खाली बघत फिरले, कारण इथली खरी संपत्ती भिंतीच्या पायथ्याच्या दगडांवर, उंबऱ्यांवर आणि दाराच्या बैठकांवर आहे, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिथे मातृपितृभक्तीच्या चोवीस कथांतले प्रसंग येतात. त्या चोविसांत एक सून आहे, जी दात नसलेल्या सासूला स्वतःचं दूध पाजते. शतकानुशतकं ही कथा आदर्श म्हणून सांगितली गेली. नवरा तीन वर्षांच्या बदलीवर, घरात सासू-सून, आणि अंगणातल्या दगडांवर अशा कथा. मालकाला आईची काळजी होती, ती खरीच होती. ती त्याने सुनेच्या अंगावर टाकली आणि दगडात पक्की केली. कारागिरी बघून हात जोडावेत आणि मजकूर वाचून मान फिरवावी, असं एकाच दगडापुढे मला झालं.

शांघायजवळच्या सुझोऊ शहराबद्दल थोडक्यात सांगते. तिथले विटेचे कोरीव दरवाजे फार सभ्य. रस्त्याकडची बाजू साधी, नक्षी आतल्या बाजूला, दिवाणखान्यात बसलेल्यांना दिसेल अशी. हुइझोऊच्या अगदी उलट. थाइहू तलावाकाठच्या दोंगशानला चिन आडनावाच्या भावांनी 1922 ते 1925 या काळात आईसाठी एक घर बांधलं, शांघायमध्ये सुतावर कमावलेल्या पैशातून. लोक त्याला नुसतं कोरीव वाडा म्हणतात. तुळई, खिडकी, कठडा, दरवाजा, कोपरा, काही म्हणजे काही मोकळं सोडलेलं नाही. कारागीर अव्वल होते, हात कुठेच ढळलेला नाही. पण मला तिथे दम लागला. डोळा टेकवायला एक कोरी फळी नाही. आईवरचं प्रेम होतं यात शंका नाही. तिला इतक्या गर्दीत झोप लागत असेल का, एवढंच मनात आलं.

आणि मग दक्षिणेचा समुद्रकाठ. ग्वांगदोंगमधलं छाओझोऊ. इथले लोक जहाजातून सयामला, मलायाला, सिंगापूरला गेले. ‘छाओझोऊचं घर म्हणजे राजवाडाच’ अशी त्यांच्याकडची म्हण आहे. राजधानी लांब, कायद्याचा हात तोकडा, हवा खारी आणि दमट. म्हणून लाकडावर लाखेचा थर आणि त्यावर सोन्याचा वर्ख. त्याने कोरीवकाम जपलंही जातं आणि अंधाऱ्या देवघरात पेटल्यासारखं दिसतं. कापराच्या लाकडात आरपार, थरांमागे थर कोरण्यात छाओझोऊच्या सुतारांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांचा लाडका नमुना आहे कोळ्याची टोपली: वेताच्या विणीतून खेकडे आणि कोळंब्या आतबाहेर चढताहेत, विणीच्या आतला खेकडाही पूर्ण घडवलेला. कुठला सम्राट नाही, परीक्षा नाही. बाजारातली टोपली सोन्याने मढवून देवापुढे ठेवलेली. सगळ्या चिनी नक्षीत मला हा नमुना सर्वांत मोकळा वाटतो.

छन श्युन्येन हा असाच एक. कापडाची फेरी करणारा पोरगा, मलायातल्या जोहोरला गेला आणि मिरी व गँबियर (कातडं कमावायला वापरतात ती वनस्पती) यांच्या मळ्यांवर गबर झाला. सिंगापूरमध्ये तो तान यिओक नी म्हणून ओळखला जातो, त्याचं घर तिथे आजही उभं आहे. गावी, छायथांगला, त्याने 1870 मध्ये पूर्वजांचं मंदिर बांधायला घेतलं आणि काम चौदा वर्षं चाललं. दारातल्या दगडी पट्ट्यांवर विद्वान, शेतकरी, कारागीर, व्यापारी असे चारही वर्ग एकाच मापाने, एकाच पट्टीत आहेत. शतकानुशतकं चौथ्या पायरीवर बसवलेल्या व्यापाऱ्याने इथे स्वतःला बरोबरीत कोरून घेतलं. दुसरीकडे एक गुराखी म्हैस घेऊन निघालाय. त्याच्या हातातला कासरा दगडाचा आहे, सुतळीएवढा बारीक, पीळ दिसेल असा, आणि हवेत मोकळा. तो कोरताना तीन उस्ताद झुरून मेले असं गावात सांगतात. दंतकथा असेल. कासऱ्यापुढे उभं राहिल्यावर ती खोटी म्हणवत नाही.

छपरांवरचं काम आणखी वेगळं. रंगीत चिनी मातीच्या वाडग्यांचे पकडीने कातरलेले तुकडे चुन्यात बसवून फुलं, पक्षी, नाटकातले योद्धे. पाऊस आणि खारा वारा यांनी रंग उडत नाही. हेच कारागीर आणि हीच कला समुद्र ओलांडून मलायातल्या पेनांगला गेली. च्योंग फात त्झे या हक्का नावाच्या चिनी समाजातल्या व्यापाऱ्याच्या निळ्या वाड्याच्या आढ्यांवर ती दिसते. या परदेशी गेलेल्यांतले काही तिकडेच राहिले, तरी गावच्या घराचं काम थांबलं नाही. छाओझोऊजवळच्या छंगहाईचं छन त्झहोंग कुटुंब बँकॉकला तांदळाच्या धंद्यात मोठं झालं. 1910 पासून त्यांचा वाडा बांधला जात होता, 506 खोल्या, छिन्नीकामाच्या जोडीला परदेशी फरश्या. 1939 मध्ये जपानी फौजा जवळच्या शांथोऊ बंदरात आल्या आणि काम थांबलं. मालक बहुतेक सगळे सयाममध्ये होते.

एवढं सगळं मालकांबद्दल झालं. ज्यांनी कोरलं ते कोण? झज्यांग प्रांतात दोंगयांग नावाचा मुलूख आहे. जमीन तिथेही अपुरी. मग पोरगा सुताराच्या हाताखाली जायचा आणि मोठा झाला की पेटी खांद्यावर घेऊन गावोगाव. हुइझोऊच्या कित्येक घरांवर दोंगयांगच्या हातांची खूण सांगतात. छपराखालचा तिरका हस्त, ज्याला तिथे बैलाचा पाय म्हणतात, त्यातून अख्खा सिंह किंवा हरिण काढणं ही त्यांची खासियत. कामाचा रंग लाकडाचाच, रोगणाखाली लपवलेला नाही. म्हणजे गैरहजर मालकाचा निरोप त्याच्या घरच्यांसाठी कोरणारा माणूसही स्वतःच्या घरी नव्हता. दुसऱ्याच्या आईसाठी, दुसऱ्याच्या पोरांसाठी शंभर मुलं कोरत तो महिनोन्‌महिने परक्या ओसरीवर झोपत होता. पेढीवाल्यांची नावं, सालं, खोल्यांचे आकडे सगळं मिळतं. त्या न्हाव्याला तुळईवर बसवणाऱ्याचं नाव मिळत नाही.

दोंगयांगला अजून जायचं आहे. तिथे सुतारांच्या शाळा आहेत, कारखाने आहेत, आणि आजही तिथली माणसं देशभर बांधकामावर जातात. लू घराण्याचा वाडा बघायचाच आहे, त्यातला सगळ्यात जुना दिवाणखाना पंधराव्या शतकातला. पण त्याहून जास्त मला एखाद्या साध्या सुताराचं घर बघायचंय. त्याने स्वतःच्या दारावर काय कोरलं होतं, कोरलं होतं का, आणि तो परगावी असताना ते रोज कोण पुसत होतं.